अंगठ्याची परवानगी

गिर्यारोहकाला कॅराबिनरविषयी शिकवायला जाऊ नये. तो ऐकून घेतो आणि मनात हसतो. सह्याद्रीत ज्यांनी थोडंफार प्रस्तरारोहण केलंय, नागफणीवर नाहीतर लिंगाण्यावर दोराला लटकून खालचं कोकण पाहिलंय, त्यांच्या हाताला त्या कडीची इतकी सवय असते की घराच्या चाव्यासुद्धा तिच्यातच अडकवलेल्या सापडतात. माझ्या अजूनही असतात. कॅराबिनरची सगळी कमाल त्याच्या गेटमध्ये आहे. स्प्रिंग लावलेलं ते गेट फक्त आतल्या बाजूला उघडतं. दोर टेकवला, जरासा रेटा दिला, की ते आत झुकतं, दोराला वाट देतं आणि मागच्या मागे मिटतं. एक हात कातळाला चिकटलेला, पाय लटपटताहेत, खाली बघायचं नाही असं स्वतःला बजावून झालंय, अशा वेळी उरलेल्या एका हाताने जमेल अशी ही एकच गोष्ट असते. म्युनिकच्या ओटो हेर्झोगने १९१० च्या सुमारास अग्निशामक दलाच्या कडीवरून गिर्यारोहणासाठी कॅराबिनर बेतला असं मानतात. त्यानंतरच्या शंभर वर्षांत धातू हलका झाला, आकार बदलले, गेटवर स्क्रू आले. गेट उघडायची दिशा मात्र तीच राहिली.

पाण्याखालच्या गुहेत नेमकी तीच दिशा जिवावर उठते.

स्कूबा डायव्हिंग करणारे लोक अशा आत उघडणाऱ्या गेटच्या क्लिपला सरळ ‘सुसाइड क्लिप’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अमेरिकन अतिशयोक्ती म्हणून सोडून दिलं होतं. पण ते नाव वापरणारी माणसं अतिशयोक्ती करणारी नव्हती. उलट चार वाक्यांच्या जागी एक बोलणारी, सामानातला प्रत्येक पट्टा बोटांनी चाचपून पाहणारी, जरा रूक्षच माणसं होती ती.

नोकरीनिमित्त मी फ्लोरिडात, जॅक्सनव्हिलला आले. समुद्र दारात होता. पण डायव्हर मंडळी सुट्टीच्या दिवशी समुद्राकडे पाठ करून आत, जमिनीच्या दिशेने गाड्या हाकत होती. उत्तर फ्लोरिडाच्या पोटात चुनखडीचा दगड आहे. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी तो हजारो वर्षं विरघळवत आलंय, आणि त्यातून पाण्याने भरलेल्या बोगद्यांचं जाळं तयार झालंय. हाय स्प्रिंग्ज गावाजवळचं जिनी स्प्रिंग्ज, लुराव्हिलजवळचं पीकॉक, टॅलाहासीच्या दक्षिणेचं वाकुला ही त्या जाळ्याची दारं. सांता फे नदीचं पाणी पानांचा रंग उतरून गडद तपकिरी झालेलं असतं, आणि तिच्या काठाशी मधेच निळं, काचेसारखं नितळ पाणी उसळून वर येतं. बाराही महिने साधारण २२ अंश तापमान. काठावर मुलं ट्यूबवर तरंगत असतात, कोणी सँडविच खात असतं. त्यांच्या पायाखाली, गुहेच्या तोंडाशी, एक फलक रोवलेला आहे. त्यावर काळ्या झग्यातला, हातात कोयता घेतलेला सांगाडा, आणि प्रशिक्षण नसेल तर इथून पुढे जाऊ नका, हा मजकूर. इतका स्पष्टवक्ता फलक मी भारतात पाहिला नाही आणि अमेरिकेतही दुसरा पाहिला नाही.

या गुहांमध्ये सुरुवातीच्या काळात फार माणसं गेली. शेक एक्स्ली नावाचा एक गणिताचा शिक्षक होता. तो स्वतः जगातल्या सर्वात निष्णात गुहा-डायव्हरांपैकी एक. त्याने एकेक मृत्यू घेतला, काय घडलं असेल ते मांडलं, आणि प्रत्येकातून एक नियम काढला. १९७९ मध्ये त्याची ‘बेसिक केव्ह डायव्हिंग : अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल’ ही छोटी पुस्तिका आली. त्यातले मुख्य नियम आज कुठल्याही गुहा-डायव्हरला पाठ असतात. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड पोचणारी दोरी हवी. हवेचा एक तृतीयांश भाग आत जायला, एक तृतीयांश परत यायला, आणि एक तृतीयांश कुणावर तरी वेळ येईल म्हणून. एक्स्ली १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोन या अतिखोल विवरात वारला. त्याने इतरांसाठी लिहिलेले नियम मात्र त्यानंतरही माणसं वाचवत राहिले.

त्या दोरीविषयी जरा सांगायला हवं. ती जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, विणलेली नायलॉनची, बहुधा पांढरी किंवा पिवळी असते. दगडाच्या सुळक्यांना वेढे घेत ती आत जाते. ठिकठिकाणी तिच्यावर प्लास्टिकचे त्रिकोणी बाण अडकवलेले असतात. जवळचं बाहेर पडायचं तोंड जिकडे, बाणाचं टोक तिकडे. डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना कळावं म्हणून त्रिकोण. कारण गुहेच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ असतो, आणि एका पायाचा चुकीचा फटका पडला की काही सेकंदांत समोरचा हातही दिसेनासा होतो. टॉर्च लावला तर प्रकाश त्या गाळातच अडकतो आणि अधिकच आंधळं वाटतं. मग अंगठा आणि तर्जनी यांची कडी करायची, दोरी तिच्यातून जाऊ द्यायची आणि चालू लागायचं, म्हणजे पोहू लागायचं. बाहेरच्या जगाशी तेवढंच नातं उरतं.

आता गंमत अशी की जी दोरी परत आणते तीच गुंतवतेही. गुहेत गुंता होऊ शकेल अशी दुसरी वस्तू जवळजवळ नसतेच. झाडं नाहीत, वेली नाहीत, माशांची जाळी नाहीत. आहे ती आपणच नेलेली किंवा आपल्या आधी कुणीतरी बांधलेली दोरी, आणि आपल्या अंगावर लटकणारं सामान.

गुहा-डायव्हिंग शिकवणारे माझे गुरुजी सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला पाण्याजवळ फिरकूही दिलं नाही. ओकच्या झाडांमधून, कंबरेच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर त्यांनी दोरी ओढली होती. डोळ्यांवर पट्टी बांधून, पूर्ण सामान अंगावर चढवून, एका हाताने दोरी धरून त्या टोकापर्यंत जायचं. कोरड्या जमिनीवरचा हा सराव जगभर सगळीकडे करून घेतात. निघण्याआधी त्यांनी माझ्या पाठीशी, कंबरपट्ट्याच्या मागच्या बाजूला काहीतरी खुडबूड केली. मी निघाले. दोरी एका खोडाला वळसा घालत होती, मी तिच्याखालून वाकून गेले, आणि दोन पावलांनंतर मागून कुणीतरी मला धरलं. पुढे रेटलं तर त्याने आणखी घट्ट धरलं. मागे सरकले, वळले, तर दोरीचा वेढा पोटावर आला. हात मागे नेला तर टाकी आड. बोटांना काहीतरी धातूचं लागलं, ते कळायला वेळ गेला, कळलं तेव्हा हसू आलं. माझाच कॅराबिनर. चाव्यांचा. पार्किंगमध्ये मी पिशवी त्यांच्या हाती दिली होती.

पट्टी काढल्यावर त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि दोरी गेटवर टेकवून नुसती ओढली. दोरी आत गेली. गेट मिटलं. मग म्हणाले, आता बाहेर काढ. मोकळ्या हाताने, डोळ्यांसमोर, उजेडात, ते अर्ध्या सेकंदाचं काम आहे. पण त्यासाठी दोरी सैल हवी. ताणलेली दोरी गेटच्या विरुद्ध बाजूला कमानीत जाऊन बसते, आणि तिला तिथून गेटपर्यंत आणायची तर ज्या दिशेला जीव ओढ घेतोय त्याच्या उलट, मागे जावं लागतं. घाबरलेला माणूस मागे जात नाही.

कॅराबिनर आत घेताना कुणाला विचारत नाही. दोर असो, वायर असो, तंगूस असो, ढकललं की घेतलं. डोंगरावर हा गुण, कारण तिथे त्याच्यापाशी एकच दोर येणार असतो आणि तो आपणच आणलेला असतो. शिवाय डोंगरातल्या कडीला माणसाचं वजन पेलायचं असतं. तिच्या पाठीवर ताकदीचे आकडे कोरलेले असतात. युरोपीय मानकानुसार गेट बंद असताना किमान २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोन टन. पाण्याखाली कुणीच पडत नसतं. प्रेशर गेज, टॉर्च, दोरीचं रीळ, फार तर कुशीला एक जास्तीची टाकी, हे सगळं पाण्यात उचलायला काही वजन लागत नाही. ॲल्युमिनियमची टाकी तर हवा संपत आली की उलट तरंगायला लागते, तिचं बूड वर उचललं जातं. तेव्हा दोन टन पेलणारी कडी पाण्यात नेणं म्हणजे ज्याची गरज नाही ती ताकद नेणं, आणि तिच्यासोबत जे नको ते गेट नेणं.

डायव्हर जी क्लिप वापरतात तिला बोल्ट स्नॅप म्हणतात. ती पाण्यासाठी जन्मलेली नाही. घोड्याची दोरी, कुत्र्याचा पट्टा, शिडाच्या दोऱ्या यांच्या टोकाला ती आधीपासून होती. कुत्रा पाळणाऱ्यांनी हातातला पट्टा पाहावा, बहुतेक तीच असेल. एक आकडा असतो, त्याचं तोंड बंद करणारी एक सरळ कांडी असते, आणि त्या कांडीला बाहेर काढलेलं एक बोंड. ते बोंड अंगठ्याने मागे ओढलं की कांडी स्वतःच्याच दांड्यात मागे सरकते आणि तोंड उघडतं. अंगठा सोडला की स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. बाहेरून त्या कांडीला कितीही रेटा, आडवा, तिरका, सरळ, ती आत झुकत नाही, कारण तिला झुकायची सोयच नाही. तिला फक्त मागे जाता येतं, आणि मागे न्यायला अंगठा लागतो. दोरी येऊन धडकेल, घासेल, निघून जाईल.

अगदीच निर्दोष आहे असं नाही. बारीक तंगूस त्या बोंडाच्या बुडाशी अडकू शकतो, आणि रेतीचा एखादा कण कांडीच्या खाचेत बसला की ती अर्ध्यावर रुसते. पण दोष असणं वेगळं आणि स्वभावच तसा असणं वेगळं. स्क्रू लावलेला कॅराबिनर चालेल का, असं गिर्यारोहक हमखास विचारतो. मीही विचारलं होतं. तो आपोआप दोरी घेणार नाही हे खरं. पण त्याचे आटे मीठ आणि रेती धरून बसतात, उघडायला फिरवत बसावं लागतं, आणि स्क्रू फिरवायला विसरलं की तो पुन्हा पहिल्यासारखा. ज्या वस्तूचं शहाणपण माणसाच्या आठवणीवर अवलंबून आहे ती पाण्यात मला नको.

खरा विचार मात्र क्लिपच्या दुसऱ्या टोकाचा आहे, आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. क्लिपचं तोंड अंगावरच्या पट्ट्याच्या इंग्रजी D सारख्या कडीत, म्हणजे डी-रिंगमध्ये जातं, ठीक. तिचं बूड सामानाला कसं जोडायचं? नवशिके चावीची गोल रिंग घालतात, कुणी छोटी साखळी, कुणी शॅकल. धातूला धातू. दिसायला भक्कम. जुने डायव्हर मात्र तिथे तीच दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी वापरतात. चार-पाच वेढे, निरगाठ, टोकं लायटरने वितळवून बोटाने चपटी केलेली. ही गाठ बांधताना ती सुटणार नाही याची काळजी घ्यायची आणि कापता येईल याचीही. क्लिप जॅम झाली, वाकली, तिच्यात काही अडकलं, तर सुरीचा एक फटका आणि विषय संपला. धातूला धातू जोडलं असेल तर पाण्याखाली बोल्ट कटर कुठून आणणार?

माझ्या आजोळच्या गोठ्यात साखळी नव्हती, दावंच असायचं, आणि दाराच्या चौकटीत कोयता कायम खोचलेला. मामा म्हणायचा, आग लागली तर कडीकुलूप शोधत बसायचं का? गाय दाव्याला हिसका देऊन पळून जायची तेव्हा आजी साखळी आण म्हणून मागे लागायची, मामा आणायचा नाही. ते दावं गायीला एरवी बांधून ठेवायला पुरेसं होतं आणि कोयत्याला पुरेसं नव्हतं.

जास्तीची टाकी बांधतात तिथे हे सगळं एकत्र दिसतं. टाकीच्या मानेला एक क्लिप, पोटाला बांधलेल्या पट्टीपाशी दुसरी, आणि दोघींच्या मध्ये दोरी, जिच्यावर धरायला सोपं जावं म्हणून रबरी नळीचा तुकडा ओवलेला. दोन्ही क्लिपा जाडजूड, हातमोजा घालूनही बोंड सापडेल अशा. दोरी मात्र सुरीने कापता येईल अशी. थंड प्रदेशात, जाड मोजे घालून बुडणाऱ्यांना तर क्लिप आणखी मोठी लागते. फ्लोरिडात आम्हा उघड्या बोटांच्या लोकांना ते ओझं वाटतं. गेजला लहान, टॉर्चला लहान, टाकीला मोठी, रिळाला दोन्ही टोकांना तोंड असलेली. आकाराबद्दल एवढं पुरे.

कोकणात या बाबतीत वेगळा धडा मिळतो. मी पाण्याखाली श्वास घ्यायला शिकले ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्लीच्या केंद्रात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात पर्यटकांची जी डुबकी होते, तिच्यात क्लिपा-बिपांचा प्रश्न येत नाही. शिकवणारा मुलगा टाकीची मान धरून तुम्हाला सांभाळून नेतो, फोटो काढतो आणि वर आणतो. पण जरा लांब, खडकांच्या बाजूला गेलं की तिथे गुहा नसली तरी दोरी आहे. हरवलेल्या, तुटलेल्या, वादळात वाहून गेलेल्या नायलॉनच्या जाळ्या खडकांना धरून बसलेल्या असतात. सुती जाळी असती तर कुजली असती. नायलॉन कुजत नाही, वर्षानुवर्षं मासे, खेकडे, कधी कासव धरत राहतं, धरणारा कोळी किनाऱ्यावर केव्हाच दुसऱ्या जाळ्याला लागलेला असतो. तंगूस तर पाण्यात दिसतच नाही. त्याला सुसाइड क्लिपच हवी असं नाही. टाकीचा नॉब, पायातल्या फिनचं बक्कल, काहीही पुरतं. पण अंगावर आत उघडणाऱ्या गेटच्या चार क्लिपा घेऊन अशा जाळ्याजवळून जाणं म्हणजे त्याला चार दारं उघडी ठेवून देणं.

मालवणच्या होडीवाल्या काकांना गुहा-डायव्हिंगचे नियम माहीत नव्हते, एक्स्ली माहीत नव्हता. मी पाण्यात उतरायच्या आधी ते प्रत्येक वेळी एवढंच विचारायचे, “गो बाय, सुरी आसा मां?” आणि कंबरेला हात लावून दाखवल्याशिवाय होडी सोडू द्यायचे नाहीत. त्यांचं स्वतःचं जाळं कधीतरी त्यांच्या पायाला गुंतलं असेल, किंवा कुणाच्या तरी गुंतलेलं त्यांनी पाहिलं असेल. मी विचारलं नाही. फ्लोरिडातले गुरुजी मांडीला बांधायच्या सिनेमातल्या लांब खंजिराला हसायचे. तो खंजीरच पहिला गुंततो. कंबरपट्ट्यावर, कुठल्याही हाताने पोचेल अशी आखूड सुरी, आणि दुसरीकडे एक छोटा लाइन कटर. इथे मालवण आणि हाय स्प्रिंग्ज यांचं एकमत होतं.

माझा ठाण्याचा भाचा अंदमानला कोर्स करायला निघाला तेव्हा फोन करून म्हणाला, “आत्या, क्लिपची लिंक पाठव ना, किती रुपयांपर्यंत घेऊ?” हल्लीचा प्रश्न लिंकपासून सुरू होतो. मी त्याला सांगितलं ते थोडक्यात असं. समुद्रात जाणार असशील तर ३१६ क्रमांकाचं स्टेनलेस स्टील घे. त्यात थोडं मॉलिब्डेनम असतं, ते मिठाच्या पाण्यात पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना रोखतं. साध्या ३०४ मध्ये ते नसतं. दुकानदार चुंबक लावून दाखवेल. त्याने भुलू नको, कारण ३०४ ला आणि ३१६ लाही चुंबक साधारण चिकटत नाही. पितळेची क्लिपही चांगली, तिचं बोंड हाताला छान लागतं. फक्त पितळेतलं जस्त मिठाच्या पाण्यात हळूहळू निघून जातं आणि गुलाबीसर, भुसभुशीत तांबं उरतं, तो रंग दिसला की फेकून द्यायची. चकचकीत मुलामा दिलेली, हातात घेतल्यावर हलकी वाटणारी स्वस्त क्लिप म्हणजे बहुधा जस्ताचं ओतकाम. घेऊच नको. आणि सगळ्यांत आधी मरते ती स्प्रिंग. बाहेरून आरशासारखी असलेली क्लिप आतल्या साध्या पोलादी स्प्रिंगपायी गंजते, आणि स्प्रिंग गेली की कांडी बंदच होत नाही. म्हणून प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्यात भिजवून, बोंड दहा-वीस वेळा मागेपुढे करायचं. टीव्ही बघताना कर, म्हटलं. मग त्याने विचारलं, “आणि ते आपोआप गुंडाळणारं, वायरवालं, गेज लटकवायचं?” रिसॉर्टच्या दुकानांत ते हमखास असतं. ओढलं की लांब होतं, सोडलं की परत. आत एक बारीक दोरी, एक कमजोर स्प्रिंग, प्लास्टिकचा डबा. हे तीनही तुटतात आणि तुटताना गेज सोबत घेऊन जातात.

नंतर त्याने पाठवलेल्या खरेदीच्या यादीत मात्र मला वेगळीच अडचण दिसली. त्याने आठ क्लिपा घेतल्या होत्या. दोन टॉर्च, एक कॅमेरा, एक शिट्टी, एक पाटी, आरसा, आणखी काय काय. अंदमानच्या पहिल्या बुडीसाठी!

बिल मेन हे फ्लोरिडातले एक गुहा-डायव्हर. पूर्ण नाव विल्यम हॉगार्थ मेन. त्यांच्या मधल्या नावावरून सामान मांडायच्या एका पद्धतीला ‘हॉगार्थियन’ म्हणतात. तिच्यातलं मला पटलेलं एवढंच की अंगावर काही लटकवण्याआधी ते का लटकवायचं याचा हिशोब द्यावा लागतो. छातीवर दोन डी-रिंग, डाव्या कमरेला एक, खालच्या पट्ट्यावर पुढे-मागे एकेक. प्रत्येकीचं काम ठरलेलं. गेज डाव्या कमरेला, एका क्लिपने, अंगाला चिकटून. लोंबकळणारं काही नाही. गुहेत सरपटताना जे लोंबकळतं ते आधी गाळ उठवतं, मग दोरी पकडतं. या पद्धतीचे भक्त पुढे फार कर्मठ झाले, आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याच्या वळणावर गेले. कुणाच्या डी-रिंगचा कोन दोन अंशांनी चुकला तरी त्याच्याबरोबर बुडायचं नाही, असले वाद मी ऐकलेत आणि त्यांतून पाय काढून घेतलाय. पण भाच्याला मी हॉगार्थियनांचंच सांगितलं. आठातल्या सहा परत कर. त्याने तीन केल्या असाव्यात.

एका बाबतीत मात्र माझं आणि माझ्या पाण्यातल्या जोडीदाराचं आजही जमत नाही, आणि ते कर्मठपणाचं भांडण नाही. गुहेत आम्ही ज्या रेग्युलेटरमधून श्वास घेतो त्याची नळी सात फूट, म्हणजे दोन मीटरहून थोडी अधिक लांब असते. कुणाची हवा संपली तर तोंडातला रेग्युलेटर काढून त्याला द्यायचा आणि अरुंद बोगद्यातून एकामागे एक बाहेर पडता यावं म्हणून ती लांबी. आपण स्वतः गळ्यात रबरी दोरीने अडकवलेल्या दुसऱ्या रेग्युलेटरवर जायचं. त्या दुसऱ्याला क्लिप नसते. नुसती मान खाली घातली की तो तोंडात. पण कुशीच्या टाकीतून श्वास घेत असताना लांब नळीचा रेग्युलेटर मोकळा सोडता येत नाही. तो उजव्या छातीवरच्या डी-रिंगला क्लिपने लावून ठेवावा लागतो. आणि नेमकं त्याच वेळी शेजारच्याची हवा संपली तर?

गुरुजींचं उत्तर होतं, अंगठा. क्लिप उघड आणि दे. सराव इतका असू दे की विचार करायला लागू नये. जोडीदार म्हणतो, घाबरलेला माणूस माझ्या अंगठ्याची वाट बघणार नाही, तो छातीवरून रेग्युलेटर उपटेल. म्हणून त्याने त्या एका क्लिपच्या बुडाशी दोरीऐवजी पातळ रबरी ओ-रिंग घातलीय. जोरात हिसका दिला की ती तुटते आणि रेग्युलेटर मोकळा. क्लिप डी-रिंगवर तशीच राहते. मी म्हणते, रबर जुनं होतं. ते हवं तेव्हाही तुटतं आणि नको तेव्हाही, आणि नको तेव्हा तुटलं तर सात फुटांची नळी गाळात लोळत मागे येते, दोरी शोधत. तो म्हणतो, दर महिन्याला बदलतो. मी म्हणते, गेल्या महिन्यात बदलली होतीस का? तो गप्प बसतो, पण रिंग काढत नाही. माझ्या बाजूने मीही पूर्ण प्रामाणिक नाही. थंड प्रदेशात कधी बुडले, तर सहा मिलिमीटरचा निओप्रीनचा मोजा घालून, थंडीने बधिर झालेल्या हाताने ते बारीक बोंड मला पहिल्या झटक्यात सापडेलच, असं मी शपथेवर सांगणार नाही.

तेव्हा आमचं असं ठरलंय. पाण्यात कमरेइतकं उतरल्यावर, डोकं बुडवायच्या आधी, आम्ही एकमेकांच्या छातीवरची ती क्लिप हाताने धरून पाहतो. तो माझी गाठ चाचपतो आणि त्याला ठाऊक असतं की ही ओढून सुटणार नाही, अंगठाच लागेल, नाहीतर सुरी. मी त्याची ओ-रिंग नखाने ताणून चिरा पडल्यात का बघते आणि मला ठाऊक असतं की वेळ आली तर हिसकाच द्यायचाय. मागच्या वेळी चीर दिसली. त्याने खिशातून नवी काढली, पाण्यातच उभ्या उभ्या बदलली, आणि जुनी माझ्या हातात ठेवून म्हणाला, हे बघ, मी बदलतो.